सोलापूर परिसरातले भिंगवाले: तुमची दुर्बीण कोणती, आणि कुणाकुणाला काय दाखवलंत?

कंबरतळेकर | ६ जानेवारी २०२६, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आरशाच्या मोठमोठ्या दुर्बिणींवर धागे पुष्कळ निघतात. भिंगाच्या, म्हणजे रिफ्रॅक्टरवाल्या लोकांनी मात्र कोपऱ्यात उभं राहून ऐकायचं. म्हणून हा धागा खास त्यांच्यासाठी. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, जिथून असाल तिथून हजेरी लावा.

माझी दुर्बीण साधी आहे. ८० मिमी व्यासाचं दुहेरी भिंग, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ९०० मिमी, म्हणजे साधारण एफ/११ (नाभीय अंतर भागिले व्यास). साधा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा माउंट, म्हणजे बैठक. डोळा लावायचे २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे ३६ पट आणि ९० पट. दाराच्या मागं उभी असते. जेवण झालं, आभाळ बरं दिसलं की उचलायची आणि गच्चीवर. मांडामांड नाही, जुळवाजुळव नाही.

माझं मत सांगतो, मग भांडा. शहरात राहणाऱ्या सोलापूरकराला एवढी दुर्बीण पुरते. चंद्र, गुरू, शनी, जोडतारे, मृगातला तेजोमेघ, कृत्तिका (३६ पटीत जेमतेम मावतात) हे सगळं शहरातल्या उजेडातही दिसतं. त्यापलीकडचं अंधुक बघायला गावाबाहेर जावंच लागतं, मग दुर्बीण कितीही मोठी असो.

निमित्तही आहे. येत्या १० तारखेला गुरू प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर येतोय. सूर्य मावळला की गुरू उगवतो आणि रात्रभर असतो. मिथुनेत आहे, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या शेजारी. शोधायची गरजच नाही, तिकडं तेवढं तेजस्वी दुसरं काही नाही.

फोटो टाकलेत तर आनंद. मोबाइल आयपीसला टेकवून काढलेला हललेला चंद्र चालेल, नेटवरून उचललेला नको.

डॉबवाला | ७ जानेवारी, सकाळी ८:२५

मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. माझ्याकडं ८ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. काका, रागावू नका, पण ८ इंचाचा आरसा तुमच्या ८० मिमीच्या साडेसहापट प्रकाश गोळा करतो. गणितापुढं प्रेम चालत नाही. शिवाय तेवढ्या व्यासाचं चांगलं भिंग घ्यायला गेलात तर घर गहाण पडेल.

कंबरतळेकर | ७ जानेवारी, दुपारी १:०५

गणित मान्य. पण तुझं वीस किलोचं धूड तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं कोण चढवणार ते पण गणितात धर. आणि एप्रिल-मे विसरलास वाटतं पुण्याला जाऊन. इथला स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडत बसतो. त्या हवेत मोठ्या आरशातला गुरू उकळत असतो. छोट्या भिंगात प्रतिमा लहान असते, पण टिकून राहते. नळी बंद, त्यामुळं आतली हवाही लवकर शांत होते.

सातरस्ता | ७ जानेवारी, दुपारी १:४०

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायचं, तासाभरात फरक पडतो.

डॉबवाला | ७ जानेवारी, दुपारी १:४४

सोलापुरात? गच्चीवर मारायला पाणी? प्यायला कधी येतं ते आधी सांगा 😄

पूर्वभागी | ७ जानेवारी, रात्री १०:३०

माझी ७० मिमी, ९०० मिमी नाभीय अंतराची. आमच्या भागात सगळे यंत्रमागवाले. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत लोक चहाला बाहेर पडतात, तेव्हा मी दुर्बीण गल्लीच्या तोंडाशी लावतो. खांबावरचा दिवा बरोबर डोक्यावर असतो, तरी गुरू आणि चंद्राला काही फरक पडत नाही हे लोकांना खरंच वाटत नाही.

परवा शेजारच्या आजी आल्या. आमच्या घरांतून तेलुगू बोलतात, आजी तर मराठी ऐकतात पण उत्तर तेलुगूतच देतात. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, चंद्र उशिरा वर आलेला. आयपीसला डोळा लावला आणि "चंदमामा" म्हणाल्या. मग गप्प. मग मला विचारलं, याच्यावर एवढे खड्डे कुणी पाडले? मी सांगितलं, दगड आदळून पडलेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी. त्यावर त्यांचा प्रश्न: "आपल्यावर का नाही आदळले?" बघा, काय प्रश्न आहे! आदळले, पण इथं वारा-पाऊस आहे, खड्डे बुजतात. तरी आपल्याच महाराष्ट्रात लोणारचा शिल्लक आहे, तेही सांगितलं. आजींनी लोणार पाहिलंय म्हणे, यात्रेला गेल्या होत्या तेव्हा. पुन्हा एकदा डोळा लावून बघितलं त्यांनी.

मागवाल्यांचा प्रश्न मात्र एकच असतो, "केवढ्याला बसली?"

एक अडचण. ९० पटीला गुरू दोन-अडीच मिनिटांत आयपीसच्या या कडेपासून त्या कडेला जातो. रांगेतल्या तिसऱ्या माणसापर्यंत गायब. मी आता २५ मिमीचाच आयपीस ठेवतो. गुरू बारका दिसतो पण चारही चंद्र एका ओळीत दिसतात आणि लोकांना तेच जास्त आवडतं. उद्या या, जागा बदललेल्या असतील, असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी खरंच येतात.

बार्शीकरीण | ८ जानेवारी, सकाळी ११:१५

मला एक विचारायचंय. मुलगी दहा वर्षांची, आकाशाचं वेड लागलंय. दुकानदार ४०० मिमी नाभीय अंतराची ८० मिमीवाली दाखवतोय, आखूड आहे, सोबत पाठीवरची पिशवी फुकट. खोक्यावर "५२५ पट" लिहिलंय. घेऊ का?

कंबरतळेकर | ८ जानेवारी, दुपारी १२:५०

ताई, खोक्यावरचा आकडा वाचूच नका. व्यास मिमीमध्ये घ्या, त्याची दुप्पट केली की त्या दुर्बिणीची कमाल ताकद. ८० मिमीला १६० पट, तीही हवा चांगली असेल त्या रात्री. पुढं नुसता मोठा धूसर गोळा दिसतो.

आखूड ८०/४०० (व्यास/नाभीय अंतर) वाईट नसते. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, आकाशगंगेचे पट्टे तिच्यात सुंदर दिसतात. पण चंद्र-गुरूच्या कडेला जांभळी झालर येते. मुलीला ग्रह बघायचे असतील तर लांब नळीची ७०/७०० किंवा ७०/९०० घ्या. आणि ट्रायपॉड हलवून बघा. पोरीनं फोकसरला, म्हणजे चित्र स्पष्ट करायच्या चाकाला, बोट लावल्यावर चित्र पाच सेकंद थरथरत असेल तर पिशवी फुकट मिळाली तरी नको.

निवृत्त_गुरुजी | ८ जानेवारी, सायंकाळी ६:२०

जांभळ्या झालरीविषयी थोडं. साध्या एका भिंगातून निळा किरण अलीकडे केंद्रित होतो आणि तांबडा पलीकडे. सगळे रंग एकाच जागी आणणं जमेना म्हणून सतराव्या शतकातले लोक भिंग अगदी कमी वक्र ठेवत आणि नळी लांबवत जात. हेवेलियसची एक दुर्बीण १५० फूट लांब होती. खांबाला दोरखंडांनी टांगलेली. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतले उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांना बोलावलं असतं तरच ती स्थिर राहिली असती. न्यूटनने यावर भिंगाने उपायच होणार नाही असं ठरवून १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. (डॉबवाले खूश झाले असतील.)

पण उपाय होता. चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने १७३३ च्या सुमारास क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांची भिंगं जोडून दोन रंग एकत्र आणले. पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडने घेतलं. तुमच्या दारामागची ८० मिमी याच घराण्यातली. पुढे बर्लिनमध्ये २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गाले यांनी नेपच्यून शोधला तो ९ इंची भिंगाच्या दुर्बिणीतून. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेत ४० इंची भिंग बसलं आणि तिथे हा प्रवास थांबला. त्याहून मोठं भिंग स्वतःच्या वजनाने वाकू लागतं, कारण त्याला फक्त कडेने धरता येतं. आरशाला पाठीमागून आधार देता येतो.

एक ठोकताळा: व्यास इंचांत घ्या, तिप्पट करा. एफ-आकडा त्याहून जास्त असेल तर झालर त्रास देत नाही. ८० मिमी म्हणजे सव्वातीन इंचांच्या आत, तिप्पट साडेनऊ. एफ/११ उत्तम. ४ इंच एफ/५ घेतलीत तर व्याध जांभळा दिसला म्हणून तक्रार करू नका.

सातरस्ता | ८ जानेवारी, रात्री ९:०५

ईडी काच (रंग कमी फाकवणारी खास काच) घ्या की, झालर विषय संपला. माझी १०० मिमी ईडी आहे. अभिजितभोवतीही रंग दिसत नाही.

कंबरतळेकर | ८ जानेवारी, रात्री ९:३०

विषय संपतो, बरोबर पैसेही संपतात. एक मान्य करतो, तुमच्या दुर्बिणीतून ज्येष्ठाचा जोडीदार बघितला होता. तांबूस ताऱ्याला चिकटून बारीकसा ठिपका. अडीच विकलांचंच अंतर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि शेजाऱ्याचा लखलखाट. माझ्या ८० मिमीत तो मला कधी दिसलेला नाही.

सातरस्ता | ८ जानेवारी, रात्री ९:५२

हवा बरी होती त्या रात्री.

आता माझं दुखणं ऐका. माउंट विषुववृत्तीय आहे. त्याचा अक्ष ध्रुवाकडं रोखायचा. आपलं सोलापूर साडेसतरा अंशांवर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. माझ्या उत्तरेला नेमकी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. शिवाय माउंट एवढा खाली झुकवला की वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला आपटते. हे माउंट करणाऱ्यांच्या डोक्यात युरोप असतो. शेवटी माउंट आणि ट्रायपॉडच्या मध्ये फूटभर उंचीचा खांब बसवून घेतला. त्याचा दुसरा फायदा म्हणजे मान वाचली. गुरू मध्यरात्री साडेबाराला आपल्याकडं ८५ अंशांवर जातोय, जवळजवळ माथ्यावर. लांब नळीचं बूड तेव्हा गुडघ्यापाशी येतं. लोकांना दाखवायचं असेल तर आठ ते दहा हीच वेळ.

मुक्काम_मंगळवेढा | ९ जानेवारी, सकाळी ७:५०

माळ्यावर आजोबांची दुर्बीण सापडली. ६० मिमी, जपानी. पितळी कडी, लाकडी तिकाटणं, भिंग स्वच्छ. आयपीस मात्र हल्लीच्यापेक्षा बारीक आहेत, त्यातल्या एकाची काच फुटलेली. आजकालचे आयपीस त्यात बसत नाहीत. ही भंगार समजायची का? वडील म्हणतात ठेव शोकेसमध्ये.

हुरडा_स्पेशल | ९ जानेवारी, दुपारी ४:१५

शोकेसमध्ये नका ठेवू हो! जुन्या जपानी भिंगांचं काम लई भारी असतं. कुणीतरी जाणकार सांगेलच.

आमचं शेत नान्नजकडं. माळढोकच्या अभयारण्यात रात्री जाता येत नाही, जायचंही नाही, पण त्या बाजूला आभाळ अजून काळं आहे. हुरड्याला पाहुणे येतात तेव्हा ८० मिमी एफ/५ घेऊन जातो (हो, तीच जांभळी झालरवाली, गुरुजी). कणसं आगटीत भाजेपर्यंत पाहुण्यांना मृगाचा तेजोमेघ. मधोमध चार बारीक तारे एका ठिकाणी दिसतात ते दाखवलं की लहान पोरं मोजतात आणि मोठी माणसं "कुठंय, कुठंय" करतात. उशिरापर्यंत थांबले तर दक्षिणेला अगस्त्य. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना इमारतींच्या मागं तो कधी दिसलेलाच नसतो.

आगटीच्या वाऱ्याच्या दिशेला दुर्बीण लावायची नाही. धूर आणि राख दोन्ही भिंगावर. काळ्या मातीची धूळ तर सगळीकडंच. भिंगावर धूळ बसली तर बसू दे, थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. फारच झाली तर रबरी फुग्यानं हवा मारायची, मग मऊ ब्रश. आणि आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी भिंगाला लावायचा नाही! एका पाहुण्यानं आपुलकीनं खांद्यावरचा टॉवेल काढला होता, मी अक्षरशः आडवा पडलो.

बार्शीकरीण | १० जानेवारी, रात्री ८:४०

७०/९०० घेतली. आज पहिल्याच दिवशी गुरू. दोन पट्टे दिसले, मुलगी म्हणते तीन. शनीची कडी मात्र दिसेनात, नुसती रेघ. दुर्बीण बिघडलेली नाही ना?

निवृत्त_गुरुजी | १० जानेवारी, रात्री ९:१५

दुर्बीण ठणठणीत आहे. मागच्या वर्षी २३ मार्चला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली, त्यामुळे सध्या कडी जवळजवळ कडेवरून दिसतात. आता ती दरवर्षी उघडत जातील. मुलीला आजची रेघ कागदावर काढून ठेवायला सांगा, पुढच्या वर्षी शेजारी दुसरं चित्र काढू दे. आणि तिसऱ्या पट्ट्याबद्दल तिच्याशी वाद घालू नका, तिचे डोळे आपल्यापेक्षा बरे आहेत.

डॉबवाला | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

गुरुजी, इतिहास निघालाच आहे तर, हेलियमचा शोध लॉकयर यांनी आपल्या विजयदुर्गावरून लावला ना? तोही भिंगाच्या दुर्बिणीतून. त्याबद्दल लिहा की.

निवृत्त_गुरुजी | ११ जानेवारी, दुपारी १२:१०

हे आपल्याकडे फार पसरलंय. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसतानाच, वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) लावून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. ग्रहणात तशा रेषा पाहणाऱ्यांत जान्सेन होते, गुंटूरला.

आपल्याला जवळचं ठाणं वेगळंच आहे. विजापूरच्या पलीकडचं जमखंडी. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, त्या दिवशी तिथे दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसला होता. ऐन वेळी ढग आले. ढगांच्या फटीतून मिळाले तेवढ्या क्षणांत त्याने ज्वाळेच्या तेजस्वी रेषा टिपल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे दाखवणाऱ्या निरीक्षणांपैकी एक सोलापूरपासून गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर झालं. तिथे फलक वगैरे आहे की नाही कोण जाणे, पण आपल्या पट्ट्यातल्या भिंगवाल्यांनी एकदा जाऊन यायला हरकत नाही.

डॉबवाला | ११ जानेवारी, दुपारी १२:२२

जमखंडी! आजोळ आहे माझं. कुणी सांगितलंच नाही.

पूर्वभागी | ११ जानेवारी, रात्री ११:००

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, दुर्बीण लावायची का? होम मैदानाजवळ, यात्रेच्या गर्दीत. परवानगी काढायची, दोन-तीन दुर्बिणी असतील तर रांग हलती राहील.

सातरस्ता | ११ जानेवारी, रात्री ११:२०

पाळण्याचे दिवे, धूळ, धूर. शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर काहीच दिसणार नाही.

कंबरतळेकर | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

ती रात्र सोडून. बाकी गुरूला दिव्यांनी काही होत नाही, पूर्वभागींनी सांगितलंच आहे. मी तयार. गर्दीत दाखवायचं तर थोडं आधी ठरवू.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवायचे नाहीत, लहान मुलं आणि लुगड्यातल्या आजी दोघांना पोचलं पाहिजे. उंच माणसानं वाकावं. शेजारी प्लास्टिकचं स्टूल, तेही बसायला नाही, पोरांना धरायला. हाताला धरायला काही मिळालं की नळी धरत नाहीत. चष्मेवाल्यांना चष्मा काढून बघू द्या, फोकस फिरवून द्या, कुरकुर करू नका. बऱ्याच जणांना चुकीचा डोळा मिटल्यामुळं काही दिसत नाही आणि भिडेखातर ते "हो हो, छान" म्हणून पुढं जातात. म्हणून प्रत्येकाला विचारायचं, किती ठिपके दिसले? आकडा आला तर बघितलं.

आणि डायगोनलमुळं (आयपीसच्या आधीच्या तिरक्या आरशामुळं) डावं-उजवं उलटं दिसतं. एखादा हुशार पोरगा मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून "काका तुमचं चुकतंय" म्हणेल, तयारीत राहा.

हुरडा_स्पेशल | १२ जानेवारी, सकाळी ८:००

"शनी बघितला तर साडेसाती लागेल का" याचं उत्तर पण ठरवून ठेवा बे. मी सांगतो, तुम्ही त्याला बघताय, तो तुम्हाला बघत नाही. हसतात आणि बघतात.

निवृत्त_गुरुजी | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

एक सक्त सूचना. दिवसा कुणी सूर्य दाखवायचा उत्साह करू नये. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी काच यायची, "सन" लिहिलेली. ती फेकून द्या. मंगळवेढेकर, तुमच्या खोक्यातही असेल, बघा. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर खास सौर फिल्म नळीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट, आणि फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा ते सावकाश आणि नीट करू.

सातरस्ता | १७ जानेवारी, सायंकाळी ६:०५

गड्ड्याचा वृत्तान्त कुणी लिहिलाच नाही, मीच लिहितो थोडक्यात. गर्दी अफाट. दुर्बिणी तीन. एका पोलीसदादांनी येऊन काय प्रकार आहे विचारलं, मग स्वतःच रांग लावली आणि दोनदा बघून गेले. माझ्या महागड्या ईडीपेक्षा पूर्वभागींच्या ७० मिमीसमोर रांग मोठी होती, कारण त्यांना मराठी, तेलुगू, कानडी तिन्हीत समजावता येतं. आता शुक्ल पक्षात चंद्र करू. २६ जानेवारीला सुट्टी आहे आणि चंद्र अर्धा.

कंबरतळेकर | १७ जानेवारी, सायंकाळी ६:४०

२७ तारखेलाही ठेवा. अष्टमीच्या पुढच्या एक-दोन संध्याकाळी चंद्रावरची सरळ भिंत दिसते. शंभरएक किलोमीटर लांबीची काळी रेघ. ८० मिमीत स्पष्ट.

मुक्काम_मंगळवेढा | १९ जानेवारी, रात्री १०:५०

कुणी उत्तर दिलं नाही म्हणून स्वतः शोधलं. जुन्या जपानी दुर्बिणींचे आयपीस एका इंचाहून किंचित लहान असायचे, ०.९६५ इंच. आता १.२५ इंच चालतात. मागं बारीक आणि पुढं मोठं तोंड असलेला डायगोनल मिळतो, तो मागवला. काळी काच होती खोक्यात, गुरुजी. वडिलांनी हातोडीनं फोडली.

आज अमावास्या उलटून दुसरा दिवस, आभाळ काळंभोर. गुरू झाला, मग त्याच्या डावीकडचे पुनर्वसूचे दोन तारे. त्यातल्या वरच्यावर, कॅस्टरवर, ताकद वाढवली तर एकाचे दोन झाले. दोन्ही पांढरे, एक जरा मंद, मध्ये काळी फट. ६० मिमीत! वडील आता शोकेसचं नाव काढत नाहीत, त्यांना आणखी बघायचंय.

निवृत्त_गुरुजी | १९ जानेवारी, रात्री ११:१५

अभिनंदन. मधलं अंतर साडेपाच विकलांच्या आसपास आहे, ६० मिमीला ते फोडता येतं. वडिलांना हेही सांगा की तिथे एकूण सहा तारे आहेत. दिसलेल्या दोघांपैकी प्रत्येक स्वतः जोडतारा आहे, आणि जरा दूरवर एक मंद तांबडी जोडी आहे.

मुक्काम_मंगळवेढा | १९ जानेवारी, रात्री ११:२४

सांगितलं. म्हणतात, बाकीचे चार दाखव, मग झोपतो.